साबणाचा थेंब आणि मामांचा अंगठा

आमच्या फार्मसी कॉलेजात औषध शोधायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी ते कॉम्प्युटरवर शोधायचं. शरीरातल्या एखाद्या एन्झाइमचं चित्र पडद्यावर घ्यायचं, त्याच्या खाचेत आपला रेणू बसवायचा आणि कॉम्प्युटर किती गुण देतो ते बघायचं. गुण चांगलेच पडतात. मी माझी चप्पल बसवली असती तरी ती पास झाली असती. मग त्यावर पेपर लिहायचा आणि शेवटी ‘पुढील संशोधनाची गरज आहे’ असं वाक्य टाकायचं. ते पुढील संशोधन आजवर कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पीएचडीला आले तेव्हा मी हट्ट धरला, की मी रेणू हातानं बनवणार आणि नळीत तपासणार. माझे गाइड, म्हणजे सर, हसले. “बनव की, नको कोण म्हणतंय,” म्हणाले. सरांनी स्वतः फ्लास्कला हात लावल्याला बरीच वर्षं झाली असावीत. त्यांचा पांढरा कोट कपाटात घडी घालून असतो आणि फोटोग्राफर आला की बाहेर येतो.

मी बनवलेल्या रेणूंपैकी एक चालला. आपण खातो त्या भात-भाकरीची साखर करणारं एक एन्झाइम पोटात असतं. आमच्या चाचणीत ते काम करायला लागलं की नळीतलं पाणी पिवळं होतं. माझा रेणू घातला की पाणी बिनरंगीच राहायचं. म्हणजे एन्झाइम थांबलं, तेही नळीत. माणूस सोडा, आम्ही उंदरापर्यंतही पोचलो नव्हतो. सरांनी घाईघाईनं पेपर एका जर्नलकडं पाठवला आणि त्याच दिवशी कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘मधुमेहावर नवे औषध’.

ते फिरत फिरत मंगळवार पेठेत माझ्या मामांपर्यंत गेलं. मामांचं दुधाचं दुकान आहे, तालमीत, म्हणजे पेठेतल्या मंडळात, ते जुने कार्यकर्ते आहेत आणि शुगर तर त्यांना त्याहून जुनी. आमच्याकडं पोरगं दहावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. इथं तर भाचीनं औषध शोधलेलं. दोन दिवसांत फ्लेक्स उभा राहिला. त्यावर सरांचा फोटो मोठा, माझा छोटा, आणि कडेनं तालमीची सगळी मंडळी, निम्मी गॉगल लावून. ‘शुगरवर जालीम औषध शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

“मामा, अजून औषध झालेलं नाही,” मी म्हटलं.

“हुईल की. फ्लेक्स आधी लावला म्हणून काय बिघडतंय?”

तालमीतच सत्कार झाला. सरांना फेटा फार शोभला. चांगलं डोकं नसलं तरी फेटा बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. भाषणात ते म्हणाले, “आता गोळ्यांचे दिवस संपले, मित्रहो.” टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर मामांनी त्यांना गाठलं आणि स्वतःच्या शुगरचं विचारलं. सरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “थोडा धीर धरा. आता घरचंच औषध आहे तुमचं.” बोलायला काय जातंय. मोटारीत बसेपर्यंत ते हे वाक्य विसरलेही असतील. मामा विसरले नाहीत.

पुढं पेपर परत आला. तो तपासणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं एकच प्रश्न विचारला होता, साबण घालून बघितलंत का? हा आमच्या धंद्यातला साधा प्रश्न आहे. काही रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्या डोळ्याला न दिसणाऱ्या गुठळ्या होतात. एन्झाइम त्या गुठळ्यांना चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं, औषधानं थांबवलं. प्रयोगशाळेतल्या साबणाचा एक थेंब घातला की गुठळ्या फुटतात आणि एन्झाइम सुटून पुन्हा कामाला लागतं. औषध खरं असेल तर त्या थेंबानं काही बिघडत नाही. मी थेंब घातला आणि नळी पिवळीधमक झाली. पुन्हा केलं, पुन्हा पिवळी. जे मी जपून बनवलं होतं, ते औषध नव्हतं, गाळ होता. मला रडू आलं, हे कबूल करते.

सरांना दाखवलं. ते नळीकडं बघेनात, माझ्याकडंच बघत राहिले.

“तुला तो थेंब घालायला कुणी सांगितलं होतं?”

“पेपर तपासणाऱ्यांनी विचारलंय, सर.”

“औषधात साबण घातल्यावर ते चालेल का? असले खडूस लोक सगळीकडं असतात. आपण दुसरीकडं पाठवू.”

दुसरीकडं पाठवला आणि तो तिथं छापूनही आला. तिथं असले प्रश्न विचारत नाहीत. मला सरांचा राग आला नाही, किळस आली. रागावायला समोरचा निदान आपल्या तोलाचा लागतो.

अशात मामींचा फोन आला. मामांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मी त्यांना राजारामपुरीत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत म्हणून विचारलं. मामांनी सत्कारापासून, असं अभिमानानं सांगितलं. वर माझ्याकडं बोट दाखवून औषध कुणी शोधलंय तेही सांगितलं. मी सरांकडं बघते, अगदी तसंच डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. ते मला झोंबलं. मग ते मामांना म्हणाले, आजपासून गोळ्या घेतल्या नाहीत तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागेलच असं नाही.

घरी आल्यावरही मामा गोळीला हात लावेनात. मी समोर बसले आणि सगळं सरळ सांगितलं.

“मामा, ते औषध चालत नाही. मी स्वतः तपासलंय.”

“कशानं?”

“साबण घालून.”

मामा हसले. “औषधात साबण घातल्यावर ते चालंल व्हय? दुधात लिंबू पिळलं तर नासणारच की.”

प्राध्यापकाचं आणि दूधवाल्याचं एकच म्हणणं. मामांनी निदान त्यासाठी पीएचडी केलेली नव्हती.

“सर खोटं बोलले तुमच्याशी.”

“तू लहान हाईस अजून. एवढी मानसं समोर बसल्याली, डोक्याला फेटा बांधल्याला, आनि मानूस खोटं बोलतोय? तुझ्यावर कोन जळतंय, त्यानं तुझं कान भरल्यात.”

अंगठ्यावरची पट्टी पुन्हा ओली व्हायला लागली होती. मामी दारात उभ्या होत्या, गोळ्यांची पाकिटं हातात धरून. मी साबण सोडला, गुठळ्या सोडल्या, एन्झाइमही सोडलं.

“बरं, खरं सांगते,” मी म्हटलं. “औषध येणार आहे, पण ते सगळ्यांना द्यायचं नाही. ज्यांनी ह्या गोळ्या नेमानं घेतल्यात त्यांनाच ते लागू पडतं. ज्यांनी मधेच सोडल्या, त्यांचं नाव काढून टाकायचं ठरलंय.”

“कुनी ठरवलंय?”

“सरांनी.”

मामांनी लगेच मामींपुढं हात केला. गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि मिशा पुसत मला म्हणाले, “हे आधी सांगायचं की. आत्ता कशी सरांवानी बोललीस.”