तेवढं एक नाव

हिंदी मुलखातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे ते गृहस्थ नदीकाठच्या रामघाटावरच्या मराठी वैदिकांच्या घरातले. मोठ्या मजकुरातून हवे ते शब्द शोधून काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रिप्ट लिहायला ते चाळिशीनंतर शिकत होते. अडलं की खुर्ची सरकवत येत.

"ताई, एक छोटीशी दिक्कत आहे."

मी पॅटर्न सांगितला की संथा घेतल्यासारखे पुटपुटत, "ओळीची सुरुवात, मग आकडे, मग स्वल्पविराम." चुकलं तर स्वतःलाच हसत.

एके दिवशी मॅनेजरने त्यांना ऑफिसच्या ग्रुपवरच्या गप्पांची फाइल दिली. ओव्हरटाइमबद्दल ज्यांनी ज्यांनी तक्रार केली, त्यांची नावं हवी होती. कशासाठी, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"हे कसं काढायचं ते मी नाही सांगणार," मी म्हटलं.

ते खुर्ची सरकवत जागेवर परतले. दुपारभर खपून त्यांनी एकट्याने जमवलं, आणि मग उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"माझंही नाव येतंय. मीही लिहिलं होतं एकदा. तेवढं वगळायचं कसं?"

"नावं देऊच नका."

"घरी मुली आहेत, ताई."

जागेवर जाऊन ते पुन्हा पुटपुटू लागले.

दुसऱ्या दिवशी पाच जणांना कामावरून काढलं. ते राहिले. गेलेल्यांत त्यांच्या समोर बसणारी, रोज त्यांना डब्यातलं लोणचं देणारी बाई होती. तिचं सामान उचलून ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मीही मागे होते.

रिक्षात बसताना ती म्हणाली, "भैया, यहाँ एक आप ही अच्छे मिले."

त्यांनी खाली वाकून पिशवी तिच्या पायाशी नीट ठेवली.