दोनशे चाळीस चुली

उत्खनन खात्यात नकाशेकाकांनी एकतीस वर्षं रेघा मारल्या. भिंत निघो की खड्डा, हे गुडघ्यांवर बसून टेप लावणार, कागदावर उतरवणार. अहवालावर नाव मात्र एकट्या साहेबांचं. आता काका निवृत्तीला टेकले होते, आणि गुडघे तर कधीच कामातून गेले होते.

टेकाडावरच्या त्या जुन्या वस्तीत किती माणसं राहत असतील, हे काढायची साहेबांची पद्धत सोपी होती. एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि कुटुंबात माणसं पाच. चुली निघाल्या दोनशे चाळीस. साहेबांनी पाचाने गुणून बाराशेचा आकडा भर सभेत ठोकून दिला आणि टाळ्याही घेतल्या.

काकांना खटकलं ते मापं घेताना. प्रत्येक घरात चुली दोन. पण खालच्या चुलीवर बोटभर जाडीची सारवलेली जमीन, आणि वरची चूल त्या जमिनीवर. म्हणजे जुनी बुजवून त्याच घराने नवी मांडलेली. एकाच कुटुंबाला सगळे दोनदा मोजत बसले होते! काकांनी तो थर जाड रेघेने दाखवला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"साहेब, माणसं सहाशेच भरतात."

साहेबांना कळलं. लगेच कळलं, चीड यावी ती याचीच.

"काका, तुम्ही चुली मोजा, माणसं मी मोजतो," ते हसत म्हणाले. "ही रेघ गाळून नवा कागद करा. या वेळी अहवालावर माझ्या खाली तुमचंही नाव घालू. जाता जाता तेवढं तरी मिळू दे तुम्हाला."

आठ दिवस काकांनी स्वतःशीच भांडत काढले. एकतीस वर्षं या माणसाने ताठ कण्याच्या बाता मारल्या होत्या, आणि आता साधं नावाचं गाजर सुटेना! त्यांना स्वतःची शिसारी आली. नवव्या दिवशी नवा कागद तयार होता, रेघेशिवाय, नेहमीसारखाच देखणा.

अहवाल घरी आला तेव्हा बायकोने पदराला हात पुसून तो घेतला. नावावरून बोट फिरवलं, शेजारणीला हाक मारून दाखवलं. मग चष्मा लावून पहिलं पान वाचायला बसली.

"अगंबाई, बाराशे माणसं! इतक्या जुन्या काळचं कसं हो कळतं तुम्हाला?"

"मोजतो आम्ही," काका म्हणाले.