देवाची खपली

माझी मावशी दवाखान्यात ड्रेसिंग करते. तिने बांधलेली जखम कधी चिघळत नाही, म्हणून तर ती इतकी वैतागली होती! तिच्या गच्चीवर एक देव येऊन पडला होता, खराखुरा देव, खांदा फाटलेला आणि रक्ताऐवजी उजेड गळत होता. मावशीने त्याला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी ती पट्टी बांधायची आणि रोज सकाळी जखम पुन्हा उघडी. मावशीची झोपच उडाली.

काल मी चहा घेऊन गेले, तर हे महाशय नखाने खपली काढतायत! मी अशी ओरडले की मावशी धावतच आली.

"लाज नाही वाटत? मी इथे माझ्याच हाताला दोष देत बसलेय!"

"बरा झालो की मला वर परत बोलावतील," तो पुटपुटला. "मग तू कुठे भेटणार?"

"मग तसं तोंडाने सांगायचं ना, शहाण्या! राहायचंय तर बरा होऊन राहा. मी जन्मभर खपल्या सांभाळणार नाही."

तिने पट्टी त्याच्या मांडीवर फेकली. "घे, बांध तूच."

त्याला एका हाताने गाठ मारता येईना. मावशी रागाने लाल होऊन दारातच उभी. मदतही करेना आणि जाईही ना.