बांधावरचं भांडण

माझ्या नातवंडांनो,

आजोबांना निरोप दिल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "ग्रँडपा नक्की काय काम करायचे?" मी सवयीने म्हणाले, "केंद्र सरकारची नोकरी." शेजाऱ्यांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना, तुमच्या आईलाही मी आयुष्यभर हेच सांगत आले. आता आजोबा गेले. ज्यांचा धोका होता ती माणसंही राहिली नाहीत. आणि ज्याला विचारल्याशिवाय हे लिहिणं बरं नव्हतं, त्याने गेल्या आठवड्यात होकार दिला. त्याचं नाव मी बदललं आहे, गावाचं लिहीत नाही.

संघटित गुन्हेगारीची माहिती गोळा करणारं ते खातं नवं होतं तेव्हा आजोबा त्यात गेले. टोळ्यांना राज्यांच्या सीमा नव्हत्या, पोलिसांना होत्या, म्हणून ते निघालं. कुणी कस्टममधून मागून घेतलेला, कुणी आयकरातून, कुणी पोलिसांतून. सुरुवातीला ही मंडळी एकमेकांपासूनही कपाटाच्या किल्ल्या लपवत. "आम्ही पकडत नाही, आम्ही फक्त सांगतो," आजोबा म्हणायचे. पुढे खातं वाढलं, संगणक आले, परदेशातून माहिती येऊ लागली... पण मूळ बातमी द्यायचा तो कुठल्या तरी गोदामात वावरणारा एखादा घाबरलेला माणूसच. एका शहरात अधिकाऱ्याने अशा माणसाला चहाच्या टपरीवर नुसता हात केला, आणि तो माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हापासून नियम झाला, खबऱ्याला चारचौघांत ओळख दाखवायची नाही.

आजोबांचा खबऱ्या आमच्या शेजारच्या वाडीतलाच होता. सांतान. त्याचा टेम्पो होता, आणि सातिवलीच्या एका गोदामातून पेट्या नेताना त्याला त्यातली हत्यारं दिसली होती. आजोबांनी नियम काटेकोर पाळला आणि तिथेच चुकले. नियम शहरासाठी केलेला होता. आमच्याकडे रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सुटली की देवळाच्या दारात प्रत्येक जण प्रत्येकाची विचारपूस करतो. कुणी कुणाशी बोललं नाही, तर तीच बातमी होते.

एका रविवारी कोपऱ्यावरच्या म्हातारीने सगळ्यांदेखत आजोबांना विचारलं, "काय रे इनास, सांतानने तुझं काय घोडं मारलं? त्याला सोडून सगळ्यांशी बोलतोस ते?"

कुंपणापाशी गोदामाचा एक माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. काही रविवार तो असाच येत होता. त्याने मान वळवली. सांतानचा चेहरा पांढराफटक पडला. तो माणूस आता एकदा सांतानकडे बघत होता, एकदा आजोबांकडे...

"घोडं नाही, माझा बांध खाल्लाय त्याने!" आजोबा ओरडले.

आजोबा असं काही बोलणार हे सांतानला ठाऊक नव्हतं. तरी तो एकदम पुढे आला. "बांध तुझा? सरकारी नोकरी लागली म्हणून जमीन सरकली होय रे?"

"जमीन नाही सरकली. तुझं कुंपण रांगतंय माझ्या वाडीत!"

"मग घाल त्याला दुपटं!"

लोक हसले. हे भांडण कुणासाठी चाललंय, ते मला मात्र तेव्हाच कळलं. आम्ही गावचे लोक भांडतो ते आमच्या घरच्या बोलीत. हे दोघे शाळेच्या पुस्तकासारख्या मराठीत भांडत होते, बाहेरच्या माणसाला शब्द न् शब्द समजावा म्हणून. तो माणूसही हसला, आणि किक मारून निघून गेला.

पुढे गोदामावर धाड पडली. बातमी फोडणाऱ्याला शोधत टोळीची माणसं आमच्या गावात आली. या सरकारी माणसाकडे कोण येतं-जातं, सांतान येतो का, असं विचारत फिरली. साऱ्या गावाने छातीठोकपणे सांगितलं, "सांतान? तो इनासचं तोंड बघत नाही!" गाव खोटं बोललं नाही, म्हणून सांतान वाचला.

पण पकडलेले जामिनावर सुटत राहिले, आणि भांडण मिटवता येईना. सांतानच्या मुलीच्या लग्नाचा बँड मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकला. त्याची बायको फिलू माझी लहानपणची मैत्रीण. तिला भांडण खरंच वाटलं. रस्त्यात मला बघून ती पदर सावरून दुसरीकडे वळायची. ती वारली तेव्हाही आमच्या घरातून कुणी मातीला गेलं नाही. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

गेल्या आठवड्यात भर दुपारी, सगळ्यांदेखत, सांतान आमच्या पुढच्या दाराशी आला.

"टीचर, आत येऊ?"

बसल्यावर म्हणाला, "लबाड होता तुमचा नवरा. बांध खरंच माझा होता हं!" आम्ही दोघंही हसलो.

लिहू का, असं मी विचारलं. "लिहा," तो म्हणाला. "फिलूला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोरांना तरी कळू दे."

त्या गोदामाच्या जागी आता दुसरेच गाळे आहेत. आजोबांच्या कचेरीत त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. सांतान जिवंत आहे. काल त्याने वाडीतली वांगी आणून दिली.