हक्कसोडाची साडी

माझं शिक्षण नववीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, तेवढं सांभाळून घ्या. आता काय सांगू तुम्हाला, टॅक्स वाचवायच्या नादात मी जे करून बसलो ते शिकलेल्या माणसालाही जमलं नसतं.

वडील गेले आणि सोलापुरातलं आमचं दोन खोल्यांचं घर माझ्या आणि आक्काच्या नावावर आलं. आक्का माझी थोरली बहीण, करमाळ्यात दिलेली. पत्रे काढून स्लॅब टाकायला कर्ज मागितलं तर बँक म्हणाली, घर एकाच्याच नावावर पाहिजे. आक्काला कसं विचारावं, मला सुचेना. तीच फोनवर म्हणाली, "मी सोडती की माझा हिस्सा. त्यात काय इचारायचं?"

आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडला की भाऊ तिला साडी नेसवतो. मी मोरपंखी साडी घेतली, तिला आवडतो तसा रुंद काठ बघून. मग कागद करणाऱ्या वकिलांकडं गेलो.

वकील म्हणाले, "बहिणीनं फुकट सोडलं तर स्टॅम्प किरकोळ. काही घेऊन सोडलं तर ती विक्री झाली. स्टॅम्प वाढणार, वर तिच्यामागं इन्कम टॅक्सचं लफडं. रजिस्टर ऑफिसातले साहेब तिला समोर विचारतात, मोबदला घेतला का म्हणून."

"आणि नंतर दिला तर?"

"मोबदला तो मोबदलाच. आज द्या नाहीतर उद्या."

साडीचं अगदी ओठावर आलं होतं. पण मागं चार माणसं उभी होती. मी लाजलो.

साडी गाडीच्या डिकीत लपवली. आक्काला सांगावं, तर ती साहेबांसमोर खोटं बोलणार नाही. म्हणजे न सांगितलेलंच बरं, नाही का?

सहीच्या दिवशी आक्का पहाटेच्या एसटीनं आली. रजिस्टर ऑफिससमोर म्हणाली, "बाळू, च्या पाज की."

चहा मोबदल्यात धरतात का? मी म्हणालो, "मला नको." तिला वाटलं, माझ्याकडं सुट्टे नसतील. तिनंच दोन चहा सांगितले, पैसेही दिले. मी निवांत प्यायलो. तिनं मला पाजलेला चालतो, एवढा कायदा मला कळत होता.

आत साहेबांनी विचारलं, "ताई, काही मोबदला घेतलाय?"

"न्हाई. भावाकडनं काय घ्यायचं, सायेब?"

मला तिचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

बाहेर आल्यावर ती जरा वेळ उभी राहिली. पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं.

"मग, जाऊ का?"

"जा की," मी म्हणालो. स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. पेट्रोल माझं होतं.

संध्याकाळी दाजींचा, म्हणजे आक्काच्या मालकांचा, फोन आला. "आल्यापास्नं जेवली न्हाय ती. साडीचं सोड रं, पर च्याचं पैसं बी तिनंच दिलं व्हय?"

मी सगळा कायदा सांगितला.

"अरं बाबा, साडीला कोण मोबदला म्हणतंय? माझ्या बहिणीला मी तितंच, हापिसात साडी दिली. सायबानंच सांगितलं, काठ चांगला हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं करमाळा गाठलं. आक्का दारात भांडी घासत होती. मी साडी पुढं केली. तिनं हात पुसले, काठावरून बोट फिरवलं आणि घडी माझ्या हातात परत दिली.

"सायबापुढं मी काय सांगितलं? काय घेतलं न्हाई. आता घेतली तर मी खोटी पडती की."

"तसं नसतंय, आक्का. कायदा..."

"तुझा कायदा तू बघ. जेवून जा."

जेवलो. स्टँडवर येऊन साडी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीनं पिशवीत डोकावून बघितलं.

"लई झ्याक हाय रं साडी. बहिणीला नेतो व्हय?"

"व्हय," म्हणालो, आणि सोलापूरच्या गाडीत चढलो.