सहा कोरी मासे आणि सांडलेलं पाणी

आधी माफी मागतो. मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी आजवर चार पानं सलग लिहिलेली नाहीत. विषयही असा की कोणी म्हणेल, एवढ्याशासाठी कागद कशाला नासवायचा. बोटाएवढ्या माशांची गोष्ट आहे. पण मला आणखी एक माफी मागायची होती. माझ्या मोठ्या आईची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोची. ती तोंडाने मागणं मला दोन वर्षं जमलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं घर उंद्रीत. बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत मी रोज एस.टी.ने चिखलीला जाऊन-येऊन कॉलेज करायचो. तिथल्याच एका दुकानातून पहिल्यांदा काचेची टाकी आणली, आणि दोन कोरी मासे. कोरी म्हणजे कोरिडोरस. तळाला राहणारा, मिशावाला, मातकट तांबूस मासा. दुकानदार म्हणाला, "हे टाकी साफ करनारे हायेत. याईले खायाले टाकाचं काम नाही. बाकीच्याईचं उरलंसुरलं खातेत." मी विश्वास ठेवला. वरच्या रंगीत माशांना दाणे टाकत राहिलो आणि हे दोघं खाली वाळूत मिशा खुपसून काही सापडतं का ते शोधत राहिले. महिन्याभरात दोन्ही मेले. पोटं आत गेली होती. मी त्यांना उपाशी मारलं हे मला पुढे वाचून कळलं. कोरी घाण खात नाही. त्याला त्याचं स्वतःचं अन्न लागतं, आणि तेही तळापर्यंत पोचलेलं. शिवाय तो एकटा खुलत नाही, पाच-सहांच्या घोळक्यात राहतो.

मग मी सहा आणले. रंगीत मासे एका मित्राला देऊन टाकले आणि टाकी फक्त या सहांसाठी ठेवली. नाल्यातली बारीक वाळू सात पाण्यांनी धुऊन तळाला घातली. खायला गांडुळं बारीक कापून द्यायचो.

टाकी ठेवायला घरात एकच जागा होती, मोठ्या बाबांच्या बाजेसमोर, जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर. मोठ्या बाबांना लकवा मारून तेव्हा वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलेलं, बोलणं तुटक. पूर्वी ते चिखलीच्या बाजारात भाजी विकायला बसायचे आणि त्यांच्या आवाजाला गिऱ्हाईक लांबून ओळखायचं. आता दिवसभर आढ्याकडे बघत पडून असायचे. टाकी आली तसे ते कुशीवर वळू लागले. कोरी मासा बुबुळ खाली फिरवतो, तेव्हा त्याने डोळा मिचकावल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा ते बघून मोठे बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदाच. म्हणाले, "डोया... मारते बे हा!"

मोठी आई चुलीपासून म्हणाली, "मारू द्या. आता तुमच्याकडं पाहून दुसरं कोन डोया मारते?"

तिचा माशांना विरोध होता. नळ दहाव्या दिवशी यायचा. त्यात मी एक अख्खा ड्रम माशांसाठी अडवून ठेवायचो, कारण पाण्यातला ब्लिचिंगचा वास जाईपर्यंत ते माशांना चालत नाही. ती म्हणायची, "मानसाले प्यायाले पानी नाही, अन् याच्या मासोयांले आंघोयीले पाह्यजे."

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा मी त्यांची अंडी घ्यायचं ठरवलं. वही केली. पाणी किती बदललं, खायला काय दिलं, रोज लिहायचो. कॉलेजच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं आणून पाण्यात टाकली, त्याने अंड्यांना बुरशी कमी लागते. पाणी तांबूस झालं. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, "चहा पाजतो का बे मासोयांले?" मीही हसायचो. त्यांना समजावून सांगायला हवं होतं. मला वाटलं, यांना काय सांगायचं.

चार महिने काही झालं नाही. पुस्तकात होतं की एकदम गार पाणी घातलं की या माशांना पावसाळा आल्यासारखं वाटतं आणि ते अंडी घालतात. आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला गार पाणी कुठून येणार? ड्रम नुसता तापलेला. एका दुपारी मी हे मोठ्या बाबांना सांगत होतो. त्यांनी डावा हात उचलून कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. मोठी आई बघत होती. "हाव, तेवढंच राह्यलं होतं," ती म्हणाली, उठली, आणि माठच उचलून माझ्यासमोर ठेवला. "घे. आज आपन सारे तहानेनं मरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा बाजेच्या लाकडी गातावर डाव्या हाताने ठोकत होते. मी धावत गेलो. काचेवर, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी चिकटली होती. "साबु... दाना," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मोठी आई पाठीमागे येऊन उभी राहिली. "आता याईचं बायंतपन बी मीच करू का?"

तिनेच केलं. मोठे मासे अंडी खातात म्हणून मी ती बोटाने सोडवून वेगळ्या पांढऱ्या टबात ठेवली होती. त्यातली पांढरी पडलेली अंडी वेचून काढली नाहीत तर बुरशी सगळ्यांना धरते. मी कॉलेजात असायचो. ती गोधडी शिवायची सुई घेऊन टबाशी बसायची आणि एकेक खराब अंडं उचलायची. पाचव्या दिवशी पिल्लं निघाली. पापणीच्या केसाएवढी. टब मोठ्या बाबांच्या उशाशी ठेवला. तीसेक तरी होती. मी वहीत तेवढाच आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

अकराव्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना वडिलांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले. मी पोचलो तेव्हा मोठ्या बाबांना अंगणात ठेवलं होतं. मी पाया पडलो, खांदा दिला. वाटेत एकदा मनात आलं की टबाला सकाळपासून खायला पडलं नसेल. त्याची तेव्हाच लाज वाटली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की साठवलेलं सगळं पाणी सांडून टाकतात. ते पाणी पुन्हा वापरायचं नसतं. घरची बाई बसलेली असते, तिला उठू देत नाहीत. गल्लीतल्या बायका येतात, माठ, रांजण, ड्रम पालथे करतात आणि मग आपापल्या घरून पाणी आणून देतात. हे मला माहीत होतं. लहानपणापासून बघत आलो होतो. पण माझी टाकी म्हणजे साठवलेलं पाणी, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही, आणि ते साठवलेलं पाणी नाही, हे त्यांच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. त्यांना दिसलं ते तांबूस पाणी आणि त्यात सडलेली पानं.

स्मशानातून परत आलो. दारात कडुनिंबाचा पाला चावायला देतात, तो तोंडात होता. अंगणभर चिखल. माझी टाकी भिंतीशी पालथी, टब तिच्यावर पालथा. मी गुडघ्यावर बसून चिखल चाचपू लागलो. पिल्लं सापडण्यासारखी नव्हतीच. मोठे पाच सापडले. सहावा नाही. कोंबड्या फिरत होत्या. कोरी वर येऊन हवा गिळू शकतो, म्हणून दोघांच्या अंगात अजून धुगधुगी होती. पण घरात वाटीभरही पाणी नव्हतं. शेजारून आणलं, त्याला ब्लिचिंगचा वास येत होता. मी तरी त्यात सोडले. डोळ्यांदेखत उलटे झाले.

मग मी घरात गेलो. मोठी आई भिंतीला टेकून बसली होती, भोवती बायका. हात बांगड्यांवाचून मोकळे. मांडीत लोटा धरलेला आणि त्यावर पदर. मी उभा राहून ओरडलो, "तू सुईनं अंडे येचले ना? मंग एक शब्द नाही निंघाला तोंडातून? तुले सांगता आलं नाही याईले?"

माझी आई म्हणाली, "गप बस बे."

मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "गेलेला मानूस गेला. हे तं जित्ते होते!"

सगळ्या बायका थांबल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "याले मासोयांचं सुतक पडलं वाटते." दुसरी म्हणाली, "शिकून राह्यला ना बाई." मोठ्या आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर लोट्यावर नीट ओढून घेतला.

तेरावी झाल्यावर तिची मुलगी, माझी ताई, तिला आपल्या घरी, हिवरा आश्रम या गावाला, घेऊन गेली. निघताना मी पाया पडलो. मोठ्या आईने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

मी पुन्हा मासे आणले नाहीत. टाकीत आई लसूण ठेवते. तिसऱ्या वर्षी मी चिखलीला खोली घेऊन राहू लागलो. माफी कशी मागायची ते मी मनात अनेकदा जुळवलं. "मोठी आई, मी चुकलो," एवढंच म्हणायचं होतं. मग वाटायचं, एवढंच म्हटलं तर ती म्हणेल, हे सांगाले एवढ्या दूर आला? एकदा एका परीक्षेसाठी मेहकरला जाताना एस.टी. हिवरा आश्रमाला थांबली. मी खाली उतरलो. ताईचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. मी टपरीवर चहा घेतला, कंडक्टरने बेल दिली, आणि मी परत चढून बसलो. पेपर होता, हे खरं. पण येताना पेपर नव्हता आणि येतानाही मी उतरलो नाही.

गेल्या महिन्यात शेवटचा पेपर देऊन घरी आलो. वडील ओट्यावर बसले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी घाम पुसला. डोकं भादरलेलं होतं, नुकते खुंट फुटू लागलेले. मी विचारलं, "हे काय?" त्यांनी टोपी परत घातली. आई आतून म्हणाली, "तुह्ये पेपर होते म्हनून नाही सांगतलं. तुही मोठी आई गेली. हेच गेल्ते पानी द्याले, तिले पोरगा कुठं होता."

मी ताईला फोन लावला. म्हणालो, "मले काऊन नाही सांगतलं, ताई?"

"तुले? तुले सांगून काय केलं असतं? इथं बी पानीच सांडाचं होतं."

तिकडून बादली ठेवल्याचा आवाज आला. मग तीच म्हणाली, "एक तुले सांगाचं होतं. त्या दिवशी बायाईनं टाकी उचलली तं एक मासा उंबऱ्याशी पडला, तिच्या जवळच. तिनं तो लोट्यात घेतला. बाबाच्या तोंडात पानी घातलं होतं ना, तो लोटा. तेवढंच पानी सांडू देलं नाही तिनं. तू बोंबलत होता तवा तिच्या मांडीत होता तो."

"मंग ती बोलली काऊन नाही?"

"तू बोलू देलं का?"

नंतर तिने सांगितलं की तो मासा मोठ्या आईने हिवरा आश्रमाला आणला आणि ढोरांच्या हौदात सोडला. दोन वर्षं त्या हौदात तिने कोणाला ब्लिचिंग टाकू दिलं नाही, खराट्याने घासू दिलं नाही. रोज गांडुळं कापून टाकायची. आणि जायच्या आदल्या दिवशी ताईला म्हणाली, माह्या माघारी घरातलं सारं पानी सांडा, हौदातलं नका सांडू.

मी विचारलं, "मंग राग गेल्ता ना तिचा माह्यावरचा?"

"खोटं काऊन बोलू? नाही गेल्ता. तुह्यं नाव काढलं की तोंड फिरवे. मरेस्तोवर."

"मंग मासा...?"

"तुह्यासाठी थोडाच ठेवला होता," ताई म्हणाली. "बाबाले डोया मारे म्हने तो."