जुना तांदूळ आणि दोन दारांची गाडी

साठी उलटल्यावर माझ्या मोठ्या भावाला दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लाल गाडी हवी झाली. नोकरीभर तो सिंचन खात्याच्या जीपमध्ये बसून कालवे बघत हिंडला, पण स्टिअरिंग कायम सरकारी ड्रायव्हरच्या हातात. वहिनी गेल्यापासून त्याने कशासाठी हट्ट असा धरलाच नव्हता, म्हणून या हट्टाचं मला आधी हसू आलं आणि मग बरंही वाटलं. नवी आवाक्याबाहेरची, तेव्हा जुनीच शोधायची होती. "याच वर्षी पाह्यजे," एवढीच त्याची अट. एवढी घाई काहून, असं विचारलं तर म्हणाला, "मोतीबिंदू काढला, डोळे चकाचक झाले. उद्या गुडघे गेले तर अशा गाडीत बसता येईल का मले?" मला ते पटलं. नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकटाच जायचा आणि येताना माझ्यासाठी संत्रा बर्फी आणायचा. बर्फीच्या नादात डॉक्टर काय म्हणाले हे विचारायचं राहून जायचं.

विकणाऱ्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. बालाघाटच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. 'वही घरी राहिली' हे इतक्यांदा ऐकलं होतं की खोट्याचा कंटाळाच यायला हवा होता, पण इथे मला गोडी लागली. माणूस रायपूरचा असो की जबलपूरचा, वाक्यं तीच. "मॅडम, डॉक्टर की गाडी है." इतक्या डॉक्टरांनी इतक्या बुटक्या गाड्या उडवल्या असतील तर दवाखान्यात बसत कोण होतं? "बस, पेट्रोल डालो और चलाओ." एकाने सांगितलं की गाडी फक्त देवळात जायला वापरली. मी विचारलं, कोणत्या देवळात? तर गडी अडखळला आणि म्हणाला, अलग अलग.

सरळ खोटं बोलणारा माणूस सोपा, हे मला लवकर कळलं. अवघड तो, जो आपणहून एखादा दोष सांगतो. "मॅडम, झूठ नहीं बोलूंगा, पीछे एक छोटी सी खरोंच है." हे ऐकलं की आपण विरघळतो. एवढं खरं बोलला म्हणजे बाकीचंही खरंच असणार, असं धरून चालतो.

यावरचा उतारा माझ्या आईकडे होता. लहानपणी आम्ही कटंगीला होतो तेव्हा आई आठवडी बाजारातून तांदूळ घ्यायची. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवायची रीत तेव्हाही होती. आई बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातली मूठ बाहेर काढायची आणि दोन दाणे दाताखाली धरायची. दुकानदार म्हणायचा, "बाई, थोडे खडे हायेत बरं, खोटं नाही सांगत." आई म्हणायची, "अन् दुसरं?" आणि गप्प उभी राहायची. तिच्या गप्प बसण्याला दुकानदार टरकायचे. मी तेच फोनवर करू लागले. छोटा दोष ऐकून घ्यायचा, 'और दूसरा?' म्हणायचं आणि तोंड मिटायचं. काही जण फोन ठेवून देत. काहींच्या तोंडून मात्र गिअरबॉक्स, पुराचं पाणी, भावाभावातला कोर्टातला दावा, असं काय काय बाहेर पडे. दादा बाजूला बसून हसायचा. "तू मास्तरीण नाही, ठाणेदार व्हायले पाह्यजे व्हती," म्हणायचा.

मग वारासिवनीची गाडी कळली. तिथल्या एका राइस मिलवाल्याच्या मुलाने ती हौसेने घेतली, मग तो परदेशी गेला आणि गाडी मिलच्या गोदामात कापडाखाली उभी राहिली. 'चाललीच नाही' हे ऐकून दादाचा चेहरा उजळला. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमच्याकडे जुन्या तांदळाला मान. नवा गिचका होतो, ठेवलेला चढतो, मोकळा शिजतो. दादाने गाडीलाही तोच हिशोब लावला. "ठेवलेली हाय म्हणजे चढलीच असंल," तो म्हणाला. मी म्हटलं, "दादा, तांदूळ ठेवून चढतो. रबर ठेवून तडकते." त्याने ऐकलं नाही.

त्याच्या जुन्या छोट्या गाडीतून आम्ही वारासिवनीला गेलो. तो रस्त्याच्या अगदी मधून चालवत होता आणि समोरच्याने हॉर्न दिला की थोडासा सरकत होता. मी टोकलं तर म्हणाला, "कडेले खड्डे हायेत."

मिलवाला गोरापान, हसरा, हात जोडून उभा. कापड ओढलं आणि गाडी दिसली तेव्हा खरं सांगते, माझंही मन क्षणभर पाघळलं. धुळकट पोत्यांच्या थप्प्यांमध्ये ती लालबुंद बसली होती. "उभी केल्यापासून हात नाही लावला ताई," तो म्हणाला. मी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट होतं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"हौ, आज सकाळी जराशी चालू केलती," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग मी बांगड्या मागे सारल्या. सीटखाली हात घातला तर मुठीत धानाचं तूस आणि उंदरांच्या लेंड्या आल्या. सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, कोरडा आणि स्वच्छ होता, म्हणजे पुराची गाडी नव्हती. टायरच्या कडांना बारीक तडे गेलेले. मिलवाला माझ्यामागे फिरत होता. "ताई, एक खरचट हाय मागच्या बाजूले, लपवत नाही."

"अन् दुसरं?"

तो गप्प राहिला. मीही. शेवटी म्हणाला, "उंदरांनी वायरी खाल्ल्या व्हत्या. नागपूरहून माणूस आणून नव्या टाकल्या." मी खूश झाले. तळाची मूठ हाती आली असं मला वाटलं.

"चालवून पाह्यतो," दादा म्हणाला. मिलवाल्याने किल्ली दिली.

आम्ही कटंगीच्या रस्त्याला लागलो. मग त्याने गाडी थोडी दाबली आणि मागून असा आवाज उठला की बांधावरचे बगळे उडाले. दादा शाळकरी पोरासारखा हसत होता. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं आणि मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली होती.

डाव्या कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. मला ती केव्हाची दिसत होती. दादा हळूहळू तिच्याच अंगावर जात होता.

"दादा!"

त्याने करकचून ब्रेक लावला. भारा हलला, बाईने वळून दोन शिव्या हासडल्या आणि पुढे गेली. दादा म्हणाला, "एकदम आली ना ती."

ती एकदम आली नव्हती. रस्ता सरळ होता आणि भारा चांगला मोठा होता. गाडी कडेला उभी होती, इंजिन चालू होतं. तो पुढे म्हणाला, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनानं जरासं धूसर दिसते कधीकधी. खोटं नाही सांगत."

हे वाक्य मी वर्षभर फोनवर ऐकत आले होते. मला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

"अन् दुसरं?" मी म्हटलं.

दादा समोरच्या काचेतून बघत राहिला. आईसमोर दुकानदार उभे राहत तसा माझा भाऊ माझ्यासमोर बसला होता, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. तरी मी तोंड उघडलं नाही.

"काचबिंदू हाय," तो म्हणाला. "डाव्या बाजूचं गेलं. परत नाही येत म्हणते डॉक्टर. गाडी चालवणं बंद करा म्हणाला." मग इंजिन बंद करून म्हणाला, "म्हणून घाई व्हती मले. एकदा चालवायची व्हती."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने आम्ही जागा बदलल्या आणि मी ती गाडी, बैलगाडीच्या वेगाने, गोदामापर्यंत परत आणली.

मिलवाला दारातच होता. "कशी वाटली भाऊसाहेब?"

मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होते. दादा माझ्याआधी बोलला, "गाडी ठीक हाय. चालवणाऱ्यात खराबी हाय. मले डाव्या बाजूचं दिसत नाही. आत्ता एका बाईले उडवणार व्हतो." वारासिवनीच्या त्या परक्या माणसाला त्याने न विचारता सगळं सांगितलं.

मिलवाल्याचं हसू गेलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, मंग माह्यंही ऐका. पोरानं ही पुलाच्या कठड्यावर ठोकलती. समोरचं सारं नवं हाय. म्हणूनच उभी ठेवली. त्याच्या आईनं परत बसू देलं नाही त्याले."

बॉनेटवर मी हात ठेवला होता, सीटखाली घातला होता, आणि हे मला कळलं नव्हतं. दादा मोठ्याने हसला. मिलवाल्याने आम्हाला चहा पाजला, आणि ते दोघं गाडी सोडून त्याच्या पोराबद्दल बोलत बसले.

निघताना दादा आपल्या जुन्या गाडीशी आला. सवयीने उजव्या दाराकडे गेला, थांबला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग फिरून पलीकडे जाऊन बसला आणि पट्टा लावला.

"डावीकडचं तूच पाह्यजो बरं," तो म्हणाला.

मी हौ म्हटलं आणि गाडी सुरू केली.